आंबलेलं की सडलेलं?

चंद्रावरच्या वस्तीत खिडकी उघडायची सोय नाही. एका घुमटात कुणी मुळ्याची भाजी केली, की तिसऱ्या घुमटातली माणसं नाकं मुरडतात. अशा ठिकाणी वेणू एक भयंकर वास मारणारी वाटी पोटाशी धरून का उभी होती?

समोर नाकाडे होता, हवेवर पहारा देणारा यंत्रमानव. त्याचं नाक असं लांब, की त्याला सर्दी झाली असती तर वस्तीत पूर आला असता.

"सडका पदार्थ आहे," तो म्हणाला. "वाटी द्या, वेणूताई. बाहेर टाकायची आहे."

त्याचा एक हात बाहेरच्या दाराच्या बटणावर होता.

वाटीत टोमॅटोचा गर होता. रोगाने बागेतली सारी झाडं गेली. एकच तगलं आणि त्याला एकच फळ धरलं. वेणूची इंदुआत्या बागेची शास्त्रज्ञ. तिने त्या फळाचा गर बियांसकट पाण्यात कालवून ठेवला होता आणि कामाला जाताना वेणूला बजावलं होतं, की वाटी कुणाच्या हाती द्यायची नाही. या रोगाला पुरून उरलेलं बी पृथ्वीवरही नव्हतं.

"डोशाचं पीठ टाकतोस का कधी?" वेणूने विचारलं.

"नाही. ते आंबलेलं असतं."

"मग हेही आंबलंय."

नाकाडेने पुरावा मागितला. वेणूने आत्याचं सांगणं आठवून आठवून सांगितलं. टोमॅटोच्या प्रत्येक बीवर बुळबुळीत वेष्टन असतं. ते बीला झोपवून ठेवतं, नाहीतर ओल्या फळातच कोंब फुटायचे. गर दोन-तीन दिवस ठेवला, की सूक्ष्मजीव (डोळ्यांना न दिसणारे जीव) ते वेष्टन खाऊन टाकतात. यालाच किण्वन (आंबणं) म्हणतात. मग भरलेलं बी पाण्यात तळाला जातं आणि पोकळ, सडकं बी तरंगतं.

"दाखवा," नाकाडे म्हणाला. बटणावरचा हात तसाच.

वेणूने गर काचेच्या उंच भांड्यात ओतला, वर पाणी घालून ढवळला. सगळं गरगर फिरलं. तळाशी काहीच आलं नाही.

"तळ रिकामा आहे. भांडं द्या."

वेणूने भांडं जवळ ओढलं. मग तिला सुचलं.

"अरे, हा चंद्र आहे. इथे गुरुत्वाकर्षण (खाली खेचणारी ओढ) पृथ्वीच्या मानाने सहावा हिस्सा. इथे बीसुद्धा सावकाशच बुडणार."

नाकाडे थांबला. दोघंही भांड्याकडे बघत राहिली. फेस वर गेला, साली वर गेल्या. आणि मग एक बी त्या गर्दीतून सुटलं, हेलकावे खात खाली आलं आणि तळाला टेकलं. त्याच्यामागून दुसरं. मग कितीतरी.

नाकाडेने बटणावरचा हात काढला.

वेणूने वरचा फेस ओतून दिला, बिया धुतल्या आणि ताटलीत विरळ पसरल्या. ओल राहिली तर बुरशी येते, म्हणून त्या सावलीत कडक वाळवायच्या आणि मगच घट्ट झाकणाच्या बरणीत भरून थंड जागी ठेवायच्या, हे तिने सांगताच नाकाडेने आपला पंखा मंद करून ताटलीकडे वळवला.

"यांच्या झाडांना फळं आली, की पुन्हा असाच वास येणार?" त्याने विचारलं.

"याच्या दसपट."

नाकाडेने पंखा ताटलीवर तसाच चालू ठेवला.

"येऊ द्या," तो म्हणाला.