वॉल्टरचा मासा

मिरकरवाड्यात आपल्या रंगकामाला नाव ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं निदान सदूचं स्वतःचं मत होतं. मासेमारी बंद असताना होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवत आणि सदू एकेकीला खरवडून, फटींत लांबी भरून, ऑइलपेंटचे दोन हात देई. त्याचा नियम एकच. रेघ जिथून निघाली तिथंच आणून मिटवायची. मोकळं टोक राहिलं की पाणी रंगाखाली शिरतं आणि दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटतात. पस्तीस वर्षांत त्याने एकही टोक मोकळं सोडलं नव्हतं.

यंदा त्याच्या मुलाची, रूपेशची, स्वतःची पहिली लाकडी होडी पाण्यात उतरायची होती. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, काय काढावं याचा विचार सदू करत होता, तेवढ्यात त्याचा थोरला भाऊ आनंदा कागदाची गुंडाळी घेऊन आला. आनंदाने तीस वर्षं मालवाहू बोटींवर काढली होती. कॅनडात एका मोठ्या सरोवरावरच्या थंडर बे बंदरात त्याची बोट एकदा बर्फात अडकली आणि तिथल्या एका चित्रकाराशी त्याची दोस्ती झाली. वॉल्टर त्याचं नाव. ओजिब्वे, म्हणजे त्या सरोवराकाठच्या मूळच्या लोकांपैकी.

"गेला रे वॉल्टर," आनंदा म्हणाला. "त्याच्या भाचीचं पत्र आलं. ल्हानपणी शाळेत आपली भाषा बोलला की मार खायचा. मग आजीच्या गोष्टी रंगवूनच सांगायला लागला. त्याची आठवण म्हणून त्याचा एवढा मासा होडीवर काढ."

सदूने कागद उलगडला. जाड काळ्या रेघांचा मोठा मासा होता. त्याच्या पोटातलं सगळं दिसत होतं, काटा, काळीज, एक पक्षी, चार लहान मासे. आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडणाऱ्या रेघा. एक रेघ तेवढी माशाच्या तोंडातून निघून कागदाच्या कडेला मोकळी सुटली होती.

"ती मिटवू नको हां," आनंदा म्हणाला. "वॉल्टर म्हणायचा, आत गेलेल्याला बाहेर यायला वाट लागते."

सदू "बरं" म्हणाला. पण ब्रश हातात आल्यावर त्याला ते पटेना. वॉल्टर असेल मोठा, पण खाऱ्या पाण्यातल्या होडीचं त्याला काय ठाऊक? दुसऱ्या दिवशी दुपारी सदूने ती रेघ वळवली आणि माशाच्या जबड्याला नेऊन चिकटवली. दोन बोटांचं काम. आनंदाला त्याने सांगितलं नाही.

सकाळी सगळा रंग सुकला होता. तो जोड मात्र ओला होता. संध्याकाळीही ओलाच होता. सदूने टर्पेंटाइनला शिव्या घातल्या.

तिसऱ्या दिवशी माशाच्या पोटात एक माणूस होता.

पाठमोरा, बसलेला, बोटभर उंचीचा. जेटीवर टवाळखोरांची कमी नाही. सदूने त्याच्यावर पांढरा हात मारला. दुसऱ्या सकाळी माणूस पुन्हा तिथंच होता. या वेळी सदूने नीट पाहिलं. डावा खांदा उतरता होता. रूपेश सातव्या वर्षी फणसावरून पडला होता, तेव्हापासून त्याचा डावा खांदा तसाच होता.

नारळी पौर्णिमेला नारळ वाहून झाला. सदूने मुलाला बाजूला घेतलं.

"आठ दिवस थांब. रंग ओला हाय."

"बाबा, रंगासाठी कोन थांबतो?" रूपेश हसला. "पाच खलाशी खोळंबलेत. तुमच्या सुनेला सांगितलंय, तीन दिवसांत येतो."

होडी गेली.

त्या रात्री सदूला जेवण गेलं नाही. सकाळी उठून तो आनंदाकडे गेला आणि सगळं सांगून बसला. आनंदा चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने एवढंच विचारलं.

"मिटवलीस?"

"मिटवली."

"वॉल्टरनं एकदाच मिटवली होती," आनंदा म्हणाला. "नंतर सात वर्षं ब्रशला हात लावला नाय. का, ते मी विचारलं होतं. तो उठून बाहेर गेला."

तिसऱ्या दिवशी दुपारी होडी आली. सदू जेटीवर उभा होता. खलाशी उतरले. मग रूपेश उतरला. धडधाकट, उन्हाने रापलेला, हातात बापासाठी सुरमई. सदूने त्याला भर जेटीवर मिठी मारली. असं त्याने पूर्वी कधी केलं नव्हतं, आणि बघणाऱ्या कोळणी हसल्या तरी त्याला लाज वाटली नाही.

ओहोटीला होडी वाळूवर टेकली तेव्हा तो रंग खरवडायची पत्री घेऊन नाळेपाशी गेला. आधी तो जोड काढायचा, मग बाकीचं.

पोटातला माणूस होता. आता तो पाठमोरा नव्हता. चेहरा रूपेशचा होता.

सदूने जोडावर पत्री चालवली. काळा रंग निघाला, खाली प्रायमर असायला हवा होता, तिथं काळंच होतं. लाकूड लागलं, तेही काळं. करंगळीभर खोल गेला तरी काळंच.

त्याने पत्री थांबवली. त्या बोटभर माणसावर अंगठा टेकवला.

ऊन केव्हाच कलंडलं होतं, फळ्या गार पडल्या होत्या. अंगठ्याखालचा तेवढाच भाग गरम होता, तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळासारखा.

"बाबा," मागून रूपेश म्हणाला. "सरका तिथनं. मी खरवडतो सगळं."

सदूने मागे वळून पाहिलं नाही. त्याने पत्री पाण्यात भिरकावली आणि दोन्ही तळहातांनी ती जागा झाकून धरली.

हातांखालून काहीतरी हळूच वर ढकलत होतं.