पोरीले सांगाचं राहिलं

लाइन गेली तं जाऊ द्या. बसा इथं गच्चीवर, वारा तरी लागते. गोष्ट आयकाची असंन तं मधात हसू नका. कारण हे ज्याच्यावर गुदरलं, तो खुशालराव माह्या डोक्यावरच्याच फ्लॅटात राहत होता. मी दुसऱ्या माळ्यावर, तो तिसऱ्या.

साल दोन हजार सात. अमरावतीत परकोटाच्या आत, बुधवाऱ्याच्या गर्दीत ही बिल्डिंग नवीच उभी झाली होती. पहिले इथं बाजाराच्या बैलगाड्या सुटत. खुशालराव नांदगाव खंडेश्वरकडचा. त्या सालांमधी कापसात काई राहिलं नव्हतं, गावंच्या गावं उठून अमरावतीत येऊन राहिली होती. हा मात्र त्याच्यासाठी आला नव्हता.

त्याले एकच पोरगी. आकांक्षा. नऊ वर्षांची, घरी आकू म्हणत. पौषात, वावरात हरभऱ्याले घाटे लागले तवा, तिचा ताप मेंदूत गेला. रात्री गावात जीप भेटली नाई. पहाटे भेटली, तवा घाई कराचं कारण उरलं नव्हतं.

मग त्यानं हा फ्लॅट घेतला. कोणी विचारलं का इथंच काहून, तं म्हणे, "दोन गल्ल्या सोडून दवाखाना आहे." कोणासाठी पाहिजे होता आता दवाखाना?

चाबी घ्याले आला त्या दिवशी मी सोबत होतो. त्यानं सारे नळ सोडून पाहिले. लिफ्टनं एकदा वरखाली केलं. फरशीवर हात फिरवला. त्याची बायको जमुना दाराच्या बाहेरच उभी.

"आत ये न," तो म्हणे.

"गाव सोडतानी तुमी देवाले सांगतलं, गाईले सांगतलं," ती म्हणाली. "पोरीले सांगाचं राहिलं."

"तिले काय सांगाचं?"

"आपण कुठं चाललो, ते."

तो एकेक नळ बंद करत गेला.

वैशाखात आखजी आली, अक्षय तृतीया. गेलेल्या माणसाच्या नावानं आपण घागर भरतो, पान वाढतो. जमुनानंही भरली. सकाळी माह्या घरी येऊन सत्यवतीले, माह्या बायकोले, म्हणाली, "बाई, इथं वाढलं ते तिले कळंन काय? या बुधवाऱ्यात मोठं माणूस चुकते. ते तं लेकरू." सत्यवतीनं तिचा हात धरला. दुसरं काय करणार?

आखजीचीच रात्र. तीजेची कोर मावळली अन् लाइन गेली. सारा बुधवारा काळा. घरात जीव घाबरे, म्हणून खुशालराव अन् मी मेणबत्ती लावून वरच्या जिन्यात बसलो होतो. जमुना दारात. तेवढ्यात खालून कोणी तरी धापा टाकत चढलं. बद्रुद्दीन. खाली त्याचं गाद्या भराचं दुकान होतं.

"भाभी," म्हणे, "नीचे एक बच्ची आहे. तुमचं घर विचारून राहिली."

"कोण बच्ची?" खुशालरावनं विचारलं.

"मालूम नाई. मी दुकान बंद करत होतो. गेटपाशी उभी होती. म्हणे, माही आई जमुना इथंच राहते काय? मी म्हटलं, हां बेटा, तिसरा माला, चल माह्यासंगं. तं म्हणे..."

त्यानं मागं वळून जिन्याखाली पाहिलं.

"काय म्हणे?"

"म्हणे, मले कोणी बोलावलं नाई."

त्या बिचाऱ्याले पोरीचं काईच माहीत नव्हतं. तो आमच्या तोंडाकडं पाहून राहिला, अन् हळूच खाली पायरीवर बसला.

जमुना उठली. गॅलरीकडं धावली. खुशालरावनं तिले मागून धरलं.

"जमुने, नको. गेलेल्याले रात्री हाक मारत नाई."

ती भांडली नाई. कठडा धरून खाली पाहत राहिली. खाली नुसता अंधार. एक कुत्रं बोले ना.

"गावाहून पायीच आली असंन," ती म्हणाली. "पाय दुखत असतीन तिचे."

खुशालरावचा हात सुटला. पौषापासून त्यानं त्या पोरीचं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

"आकू..."

त्यानं कठड्यावरून वाकून पुन्हा हाक मारली.

"आकू! ये माय. वर ये. आपलं घर इथं आहे..."

काईच नाई.

मग लिफ्ट हालली.

लाइन नव्हती, पोरंहो. साऱ्या गल्लीत एक दिवा नव्हता. तरी लिफ्ट हालली. तळातून दोर कुरकुरला. पहिला माळा... दुसरा... बद्रुद्दीन तोंडातल्या तोंडात काई तरी पढून राहिला होता.

तिसऱ्यावर थांबली.

कोणी पुढं जाईना. शेवटी खुशालरावनंच जाळी सरकवली. मी मेणबत्ती वर धरली.

आत कोणी नव्हतं.

पण जमुना... जमुना वाकली. शाळेतून आलेल्या लेकराकडं वाकतो, तशी. मग दारातून बाजूले झाली, जागा करून दिली.

"जेवून घे," म्हणे. "थंडं झालं सारं."

"काकाजी, अन् तुमी?"

आमी काय, पोरंहो... आमी खाली आलो. वरचं दार लागलं. रात्रभर जमुनाचा आवाज येत होता. हळू. एक वाक्य बोले, मग थांबे. कोणाचं आयकतो आपण, तेवढं थांबे. मग पुन्हा बोले. मधात कधी खुशालराव रडे.

ते फ्लॅट सोडून गेले नाईत. शेवटपावेतो इथंच राहिले. जमुना त्या दिवसापासून पोटभर जेवाले लागली, बाजारात जाले लागली. अन् दर आखजीले खुशालराव गॅलरीत उभा राहून हाक मारे. लिफ्ट पुन्हा कधी आली नाई. तरी मारे.

त्या आखजीच्या रात्रीनंतर पहाटे लाइन आली तवा दूध आणाले म्हणून मी लिफ्ट बोलावली. जाळी उघडली. आत कोपऱ्यात हरभऱ्याचं डहाळं पडलं होतं. हिरवंगार, घाट्यांनी लदलेलं, मुळाले ओली काळी माती.

हरभरा तं होळीच्या आधीच कापून घरी येते. अन् हा वैशाख.

मी उचललं. सत्यवतीले दाखवलं, बद्रुद्दीनले दाखवलं. पानांवर दव होतं. तळहाताले हरभऱ्याच्या पानांची आंब लागली होती, आंबट... दुपारपावेतो गेली नाई.