राजाची अबोली

सकाळचे दहा वाजले की स्पीच थेरपिस्ट बाई जेवणाच्या टेबलावर चित्रांची कार्डं मांडायच्या. किल्ली, चष्मा, खुर्ची, कप. समोर बाबा बसलेले असत, अंगात इस्त्रीचा सदरा, उजवा हात मांडीवर निर्जीव. त्यांच्या शेजारी थोरली. घरात तिला नावानं कुणी हाक मारलीच नव्हती. जन्मल्यापासून, म्हणजे धाकटी जन्मल्यापासून, ती थोरली.

बाबांनी तीस वर्षं एकाच राजाची गोष्ट लिहिली होती. सात जाडजूड भाग. वाचक राजाचं नाव विसरत, पण त्याच्या तलवारीचं कुणी विसरत नसे. अबोली. उपसताना तिचा आवाज होत नाही, आणि एकदा उपसली की काहीतरी घेतल्याशिवाय ती म्यानात परतत नाही. चार महिन्यांपूर्वी बाबांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची सगळी भाषा धुऊन गेली. उरला तो एवढाच एक शब्द. चहा हवा, अबोली. पाय दुखतोय, अबोली.

आणि त्याआधी दोन वर्षं थोरलीनंच बाबांशी अबोला धरला होता. आई शेवटच्या आजारात तळमळत असताना हे गृहस्थ आतल्या खोलीत सातवा भाग लिहीत बसले होते. आई गेली त्या दिवशी थोरली म्हणाली, "तुम्हाला तुमची तलवार पुरे," आणि चालती झाली. परतली ती थेट हॉस्पिटलात. डॉक्टरांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं, दुसरा झटका कधीही येईल आणि तो शेवटचा असेल. तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. तिला बाबांकडून एक हाक हवी होती. रागाची चालली असती, पण हाक.

त्या सोमवारी बाईंनी किल्लीचं कार्ड पुढे सरकवलं. "हे काय आहे, काका?"

"अबोली," बाबा म्हणाले.

पंख्याची घरघर बंद पडल्यासारखी झाली. पाती मात्र फिरतच होती. बाबांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि स्वच्छ म्हणाले, "किल्ली."

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी तर टाळ्या वाजवल्या. निघताना मात्र त्या दाराशी बराच वेळ पर्स चाचपत राहिल्या. "गाडी सुरू करायची ती... अहो, ती छोटी असते ना..."

थोरलीनं टेबलावर राहिलेली त्यांच्या गाडीची किल्ली आणून त्यांच्या हातावर ठेवली. रस्त्यात सापडलेली एखादी अनोळखी वस्तू बघावी तशा बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग "वय झालं आता" म्हणत हसल्या आणि गाडी तिथेच ठेवून चालत गेल्या.

बुधवारी चष्म्याचं कार्ड निघालं. आधी अबोली, मग पंख्याचं ते मुकं फिरणं, मग बाबांचा आवाज, "चष्मा."

दुपारी भांडी आवरताना थोरलीला नाकावर काहीतरी बसल्यासारखं वाटलं. तिनं ते काढून हातात घेतलं. दोन काचा, दोन काड्या. समोरची भिंत धूसर झाली होती. कशासाठी असतं हे? तिनं धाकटीला फोन लावून वर्णन केलं.

"ताई, चष्मा तो! थट्टा करतेस का माझी?"

शब्द कानावर पडला, पण आत कुठे टेकला नाही. थोरलीनं फोन ठेवला. मान वळवली तर बाबा तिच्याकडेच बघत होते, डाव्या हातानं तोंड घट्ट दाबून.

गुरुवारी बाई आल्या नाहीत. त्यांच्या यजमानांचा फोन आला. "तिला बरं नाहीये. सकाळपासून कुलपासमोर उभी आहे. हे उघडतात कसं, म्हणून मलाच विचारतेय."

त्यानंतर तीन दिवस बाबांनी चकार शब्द काढला नाही. घास भरवायचा तर आधी त्यांचा हात तोंडावरून बाजूला करावा लागे, आणि घास गिळला की हात परत जागेवर.

रविवारी भर दुपारी थोरलीनं सगळी कार्डं ड्रॉवरमध्ये टाकली आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"बाबा, म्हणा."

त्यांनी मान हलवली. नाही.

"काय होतं ते मला कळलंय. माझं जायचं ते जाऊ दे. त्या दिवशी मी बोलले ते मला परत घ्यायचंय, बाबा. पण आधी तुम्ही मला एकदा हाक मारा. एकदाच."

त्यांच्या डोळ्यांतून धार लागली. हात हलला नाही.

"उद्या तुम्ही नसलात तर मी काय करू? ह्या अबोल्यासकट जगू?"

तिनं त्यांची बोटं एकेक करून सोडवली. म्हाताऱ्या हाताचा जोर तो किती असणार.

"अबोली," बाबा म्हणाले.

पंखा मुका झाला. रस्ता मुका झाला. तिचा स्वतःचा श्वासही तिला ऐकू येईना.

मग बाबांचा आवाज आला. ती लहान असतानाचा, भरदार.

"थोरले. माझं चुकलं गं, थोरले. मी तुझ्या आईपाशी बसायला हवं होतं."

तिनं मागे वळून बघितलं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

"कुणाला हाक मारताय?" तिनं हळुवारपणे विचारलं. "बोलावू का तिला?"

"अगं, तू. तूच," ते म्हणाले आणि तिचा हात धरायला गेले.

तिनं हात अलगद सोडवून घेतला. बाहेरच्या खोलीत बघितलं. दार उघडलं. जिन्यात कुणी नव्हतं. आतून हाका चालूच होत्या. एक म्हातारा माणूस इतक्या जिवाच्या आकांतानं बोलावतोय, म्हणजे ती जवळपासच कुठेतरी असणार.

आली तर तिला ताटकळत उभं राहायला नको, म्हणून तिनं दार उघडंच ठेवलं, आणि वाकून पायपुसणं सरळ केलं.