शनिवारी बाराच्या आत

हाम्बुर्गच्या 'हाफेनब्लिट्स'ला चाळीस वर्षं होत होती, आणि त्या खमंग दैनिकाचा इतिहास लिहायचं काम उल्रिके टोमसेनच्या गळ्यात पडलं. बाकीच्यांना ताज्या भानगडींतून सवड नव्हती. शिळ्या भानगडी सांभाळायला जुन्या अंकांच्या खोलीत ती एकटीच होती.

तिथे तिला 'हे डोकं कुणाचं?' हे सदर सापडलं. दर सोमवारी आदल्या दिवशीच्या, रविवारच्या मासळीबाजारातल्या गर्दीचा फोटो छापायचा आणि एका डोक्याभोवती पांढरं वर्तुळ काढायचं. ज्याचं डोकं, त्याने शनिवारी दुपारी बाराच्या आत कचेरीच्या खिडकीवर यायचं आणि पौंडभर कॉफी न्यायची. कर्मचारी आणि त्यांच्या घरच्यांना मात्र बक्षीस नाही. टंचाईच्या दिवसांत कॉफीसाठी लोक फोटोत डोकी घुसवायचे. तरी एकसष्ट साली सदर एकाएकी बंद पडलं होतं.

तिने निवृत्त फोटोग्राफर डेटलेफ्सनना बोलावून घेतलं.

"बंद का केलंत, हेर डेटलेफ्सन? कॉफी संपली?"

म्हातारा हसला नाही. "वर्तुळ मी ब्रशने काढायचो, फ्राउ टोमसेन. एकच. कधीकधी छापून दोन यायची. त्या दुसऱ्या डोक्याचा माणूस कधीच खिडकीवर आला नाही."

"मग?"

"एकाच्या घरी गेलो होतो. त्याची बायको टेबलाशी बसलेली. म्हणाली, आत्ता इथेच होते. समोर कॉफीचा कप होता. मी हात लावून पाहिला, गरम होता."

उल्रिकेने हे लिहून घेतलं नाही. वयाबरोबर माणूस काहीबाही बोलतो, असं तिने स्वतःला बजावलं. पण संपादकांना सदर भलतंच आवडलं. त्यांनी ते वर्धापनासाठी पुन्हा सुरू केलं आणि खिडकीवर उल्रिकेलाच बसवलं.

शनिवारी दहाला फोटोतल्या वर्तुळातले टोपीवाले गृहस्थ हजर झाले. "मॉइन! डोकं माझंच. बायको म्हणते रिकामं आहे, पण माझंच!" कॉफी घेऊन ते हसत गेले. उल्रिकेचा जीव भांड्यात पडला.

सव्वाअकराला तिची नजर सहज अंकावर गेली. टोपीच्या मागे, धुरी दिलेल्या बाम माशांच्या टपरीपाशी, तिची मुलगी स्वांत्ये उभी होती. तिच्या डोक्याभोवती पांढरं वर्तुळ होतं.

आठवडाभर हेच पान तिच्या डोळ्यांसमोर होतं, आणि त्यात टोपीभोवतीचं एकच वर्तुळ होतं. तिने नखाने खरवडून पाहिलं. गठ्ठ्यातून दुसरा अंक काढला. त्यातही तेच. तिने घरी फोन लावला.

"स्वांत्ये, आत्ताच्या आत्ता इथे ये."

"आई, केस ओले आहेत माझे."

"तशीच ये!"

बाराला दहा कमी असताना स्वांत्ये धापा टाकत आली. "कुठे आग लागलीय?"

"म्हण, हे डोकं माझं."

"आपल्या घरच्यांना चालत नाही ना? तूच सांगायचीस."

"आज चालतं. म्हण!"

"बरं बाई, हे डोकं माझं."

उल्रिकेने पुडा खिडकीतून तिच्या हातात कोंबला. मग भीतभीतच अंक पाहिला. स्वांत्येच्या डोक्याभोवती काही नव्हतं. उल्रिके हसली आणि रडलीही.

"तुझं डोकं तपासून घे," म्हणून स्वांत्ये तिच्या गालाची पापी घेऊन गेली.

थर्मासमधली कॉफी कपात ओतताना उल्रिकेने पुन्हा पानाकडे पाहिलं.

स्वांत्येच्या मागे एक बाई उभी होती. करडा स्वेटर, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, उल्रिकेच्या अंगावर आत्ता होते तेच. वर्तुळ तिच्याभोवती होतं.

पण हा फोटो काढला त्या रविवारी उल्रिके तापाने घरी अंथरुणात होती.

पुड्यांची चळत शेजारीच होती. पण पुडा द्यायला खिडकीच्या आत कुणीतरी हवं होतं. शनिवारी कचेरीत ती एकटीच होती.

"हे डोकं माझं," ती मोठ्याने म्हणाली.

बाराचे ठोके पडले.

दार उघडलं. "आई, छत्री राहिली गं माझी. आई?"

"इथेच आहे गं."

स्वांत्येची नजर तिच्या आरपार मागच्या खुर्चीकडे गेली, मग आतल्या खोलीकडे. खिडकीतून हात घालून तिने कपाला बोट लावलं.

"लांब नसेल गेली," ती स्वतःशीच म्हणाली, "गरम आहे अजून." आणि ती वाट पाहत बसली.