सहावी बाजू

रेकॉर्डच्या खोक्याचा एक कोपरा माझ्या हातात होता आणि दुसरा त्याच्या.

कार्ल्सरूहेचा शनिवारचा फ्लोमार्क्ट, म्हणजे जुना बाजार. पाऊस भुरभुरत होता. फुटबॉलचा वर्ल्डकप संपून दोन आठवडे झाले तरी बाल्कन्यांतले झेंडे उतरले नव्हते, आणि आम्ही दोघंही माघार घेत नव्हतो.

"हे मी आधी पाहिलं," मी जर्मनमध्ये ठणकावलं.

"आईशप्पथ, काय बाई आहे!" तो स्वतःशीच पुटपुटला. मराठीत!

"बाई सांगलीची आहे," मी म्हटलं. "सुलेखा. इथे केमिस्ट्रीत पीएचडी करतेय. हात काढा."

त्याचे कान लालबुंद झाले. हात मात्र काढला नाही. "श्रीनाथ. नाशिक. मास्टर्स संपलंय, जॉब शोधतोय... सॉरी."

तो वूडस्टॉकचा तीन रेकॉर्डचा संच होता. एकोणसत्तर साली अमेरिकेत, चिखलात बसून लाखो पोरांनी ऐकलेली मैफल. माझे बाबा सांगलीत रेडिओ दुरुस्त करायचे, आणि त्या मैफलीची एकच गोष्ट शंभरदा सांगायचे, "आपल्या माणसानं तिथे पावसात सतार वाजवली, सुलू!"

"मला सतार हवीय," मी म्हणाले.

"मला शेवटची गिटार."

टेबलामागच्या आजीबाई हसून म्हणाल्या, "भांडू नका पोरांनो, दोघं मिळून न्या की."

मग वाटणी झाली. प्लेअर माझ्याकडे होता, स्पेरम्युलच्या दिवशी कुणीतरी टाकायला म्हणून रस्त्याकडेला ठेवलेला, मी उचलून आणलेला. त्याला सुई नव्हती. ती बसवायचं श्रीनाथनं कबूल केलं. दोन रेकॉर्ड माझ्या, पहिली त्याची. दर रविवारी चार वाजता एकच बाजू ऐकायची. बाजू सहा, रविवार सहा.

आता रविवार म्हणजे जर्मनीत दिवसभर रूहेत्साइट, आवाजाला सक्त बंदी. जरा आवाज झाला की खालच्या बाई छताला झाडू ठोकायच्या. अख्ख्या आठवड्यातून आम्ही दोन शहाण्यांनी रॉक ऐकायला नेमका तोच दिवस निवडला! आवाज इतका बारीक ठेवावा लागे, की जमिनीवर बसून दोघांनी कान स्पीकरला लावायचे. त्याच्या शर्टाला धुण्याच्या साबणाचा वास यायचा. मला पहिल्या दिवशी गाण्याआधी तोच लक्षात राहिला.

पहिल्या बाजूवर, बाकीचे कलाकार रस्त्यात अडकले म्हणून एकट्यानं मैफल लावून धरणारा गायक होता. बाजू संपल्यावर श्रीनाथनं रेकॉर्ड उलटली. "हे बघा, मागे दुसरी नाही, सहावी आहे. जुन्या प्लेअरवर रेकॉर्ड आपोआप बदलायच्या ना, त्यासाठी असं करायचे. म्हणजे शेवट माझ्याकडेच."

"जपून ठेवा," मी म्हटलं.

दुसऱ्या रविवारी पोटात बाळ घेऊन गाणारी बाई मला आवडली. तिसऱ्या रविवारी हात वेडेवाकडे झाडत गाणाऱ्या इंग्रजाची श्रीनाथनं नक्कल केली, आणि हसता हसता मी त्याला 'अरे' म्हणून बसले. चौथ्या बाजूला लोक पावसाला ओरडून परतवत होते. मग विशीतला एक ड्रमर असा काही सुटला, की श्रीनाथची बोटं जमिनीवर ताल धरता धरता माझ्या हातावर आली... आणि तिथेच राहिली.

"हे तुझं फेव्हरिट?" मी विचारलं.

"गेनाऊ, अगदी हेच," तो म्हणाला. बघत होता माझ्याकडे.

पाचव्या रविवारी बाजू संपली तरी तो उठला नाही.

"आल्झो, म्हणजे... ब्राउनश्वाइगला, तिकडे पार उत्तरेत, जॉब लागलाय. एक तारखेपासून."

"वा! अभिनंदन," मी म्हटलं. मी सुई उचलून बाजूला ठेवली. "मग जाताना ती सहाव्या बाजूची रेकॉर्ड देऊन जा."

"ती माझ्या वाट्याची आहे, सुलेखा."

"मग घेऊन जा!"

तो गेला. मी 'थांब' म्हणाले नाही. आठवडाभर फोनही केला नाही. नाकावरचा राग नाकावरच राहिला, आणि रडू मात्र रोज येत होतं.

सहाव्या रविवारी चार वाजले. साडेचार वाजले. मी प्लेअरवर फडकं टाकलं... आणि बेल वाजली.

दारात श्रीनाथ, नखशिखांत भिजलेला. जॅकेट मात्र त्याच्या अंगात नव्हतं, रेकॉर्डभोवती गुंडाळलेलं होतं.

"ब्राउनश्वाइगहून येताना फ्रांकफुर्टला अन्श्लुस, पुढच्या गाडीचा मेळ, चुकला. हिच्यासाठी प्लास्टिक शोधत बसलो, आणि रविवारची दुकानं बंद. गाडी गेली निघून."

मी टॉवेल दिला. सुई ठेवली. कान स्पीकरला लावले.

"मी खोटं बोलले होते," मी हळूच म्हटलं. "खोक्यामागची गाण्यांची यादी बाजारातच वाचली होती. ह्यात सतार नाहीच."

"माहितीये. माझ्याकडे कॉलेजपासून ही सगळी मैफल सीडीवर आहे."

"मग खोकं सोडलं का नाहीस?"

"तू का नाही सोडलंस?"

तेवढ्यात गिटार सुरू झाली. ती संपल्यावर श्रीनाथ म्हणाला, "हा गिटारवाला सोमवारी सकाळी वाजवायला आला, तेव्हा बहुतेक लोक घरी गेले होते. जे थांबले, त्यांच्यासाठी दोन तास वाजवत राहिला." तो अडखळला. "मला थांबणाऱ्यांत मोज... दर रविवारी येईन मी."

"पण रेकॉर्ड तर संपली."

"म्हणून तर भीती वाटतेय."

मला एकदम सगळ्यांचे आभार मानावेसे वाटले. बाबांचे, आजीबाईंचे, प्लेअर टाकून देणाऱ्याचे, अगदी खालच्या बाईंच्या झाडूचेसुद्धा. त्या झाडूनंच आम्हांला इतकं जवळ बसवलं होतं.

"प्रेम आहे माझं तुझ्यावर," मी म्हटलं. "आता उठू नकोस."

मी रेकॉर्ड उचलली, उलटी केली, आणि सुई पहिल्या बाजूवर ठेवली.