पाठमोऱ्या अकराजणी

बसा. पडदा नका सरकवू, रंगवलेल्या कापडाला ऊन चालत नाही. तुम्ही संग्रहालयातून बाटिक बघायला आलात, म्हणजे पहिला प्रश्न तोच असणार. बाकी कापड एवढं स्वच्छ, मग नाचणाऱ्या बायकांच्या पायांवर मेण तसंच का? सगळ्यांना वाटतं, बाईनं अर्धवट काम गळ्यात मारलंय.

ही पद्धत माझ्या मावशीची. हे काम मला तिनंच शिकवलं. जिथं रंग नको तिथं वितळलेलं मेण लावायचं, कापड रंगात बुडवायचं, वाळलं की उकळत्या पाण्यात घालून मेण काढायचं. हे सगळेच करतात. मावशी मात्र हात धरून नाचणाऱ्या बायकांची रांग काढायची, सगळ्या पाठमोऱ्या, आणि उकळताना कापडाची खालची कड चिमट्यानं पातेल्याबाहेर धरून ठेवायची. पावलं तेवढी मेणात राहायची. कारण विचारलं तर म्हणायची, "बांधलेलं बरं असतं." जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मावशी गेली, खोड मात्र कापडात राहिली.

हे तिचं शेवटचं कापड. अकरा बायका. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाला ते आवडलं, पण म्हणाला, "मेणाचा चुरा पडतो खाली, तेवढं काढून द्या." मी हो म्हटलं. एवढ्याशा गोष्टीला कशाला अडायचं?

दुपारचे तीन वाजले असतील. वरच्या खोलीत माझी लेक तापानं पडली होती. तिला आम्ही भिंगरी म्हणतो. नाच शिकायची, घरात सरळ चालणं तिला ठाऊकच नाही. त्या दिवशी मात्र उठून बसायचंही त्राण नव्हतं. तिला पाणी पाजून मी खाली आले आणि कापडाची कड उकळत्या पातेल्यात सोडली. मेण सुटून वर तरंगायला लागलं. वास नेहमीचा नव्हता... बंद खोलीत पुष्कळ माणसं घामाघूम झाली की येतो ना, तसा.

मग वर पावलं वाजली.

आधी एकच जोडी. मी वैतागले. "भिंगरे, झोप म्हटलं ना." मग दोन, मग चार... छताची लाकडं एका ठेक्यात हलायला लागली. कशीबशी जिना चढले. दार आतून लागलेलं. पलीकडून लेकीचा आवाज आला, धाप लागलेला.

"आई... या हात सोडत नाहीयेत."

"कोण गं?"

"मला थांबता येत नाहीये, आई..."

दार खांद्यानं ढकललं, हललं नाही. तापानं फणफणलेली पोर, अशी किती वेळ टिकणार? तेव्हा मावशीचे शब्द आठवले. धावत खाली आले, कापड पाण्यातून ओढून टेबलावर पसरलं, कुंचला मेणात बुडवला आणि एका टोकापासून पावलं झाकत सुटले. ओल्या कापडावर मेण धरत नाही. त्या दिवशी धरलं. एक जोडी झाकली की वरचा एक आवाज बंद व्हायचा. घाईत मी मोजलं नाही. शेवटची जोडी झाकली आणि घर शांत झालं.

आता दार हात लावताच उघडलं. भिंगरी पलंगावर होती, ताप उतरलेला. तिला कुशीत घेऊन मी खूप रडले. मग ती हळूच म्हणाली, "आई, माझे पाय कुठायत?"

पाय जागेवरच होते. गार, गुळगुळीत. आज वर्ष झालं, ते हललेले नाहीत. डॉक्टरांना काही सापडत नाही.

खाली येऊन मी कापडावरच्या बायका मोजल्या. बारा भरल्या.

आता कळलं, तुम्हाला पत्र का पाठवलं ते? वर कागद ठेवून इस्त्री फिरवली की हवं तेवढ्याच जागेवरचं मेण निघतं. इस्त्री तापली आहे. पण एकच जोडी सोडवायची. चुकून दुसरी सुटली तर... सगळ्या पाठमोऱ्या, सगळ्यांचा अंबाडा सारखा. पोटची पोर, आणि यातली माझी कुठली ते मला ओळखता येत नाही. मला स्वतःचीच लाज वाटते. तुमची नजर जुनी कापडं पारखणारी. मावशीच्या हातची नाही अशी एक, तेवढी मला दाखवा.

सावकाश बघा. घाई नाही. फक्त पाय स्थिर ठेवा... बसल्यापासून तुम्ही पायानं त्या दिवशीचाच ठेका धरलाय. तो कसा होता, ते मी तुम्हाला अजून सांगितलेलं नाही.