घेणाऱ्याची सही

वणीच्या बसस्टँडसमोर आलुबोंडा खाता खाता राजदीप नगराळेने ते गुलाबी पत्रक तिसऱ्यांदा वाचलं आणि तिसऱ्यांदा त्याला हसू आलं. वर ठळक अक्षरांत 'पेटंट दवा उतारा', त्याखाली रोगांची जंत्री: मिरगी, लकवा, डोळ्यांची झाक, बहिरेपण, दमा, मुतखडा. सगळ्यांवर एकच बाटली. तळाशी एक ओळ होती, 'जुन्यात जुना रोग शंभर टक्के उतरेल. बाटली उघडू नये.'

"न उघडता पेते कसे लोकं?" त्याने गुलाबसिंगला विचारलं. गुलाबसिंग कार्यालयाच्या जीपचा ड्रायव्हर, दारव्ह्याकडच्या तांड्यावरचा, बोलणं मोजकंच. त्याने खांदे उडवले आणि उरलेला बोंडा तर्रीत बुडवला.

राजदीप यवतमाळला औषध निरीक्षक होता. अकरा वर्षांत त्याने साखर पळवणाऱ्या पुड्या पकडल्या होत्या, उंची वाढवणारं तेल पकडलं होतं, एकदा तर टक्कल घालवणारा साबण एका टकल्याच्याच दुकानातून जप्त केला होता. विकणाऱ्यांची त्याला चीड यायची, पण खरी किळस यायची ती घेणाऱ्यांची. चांगली शिकलेली माणसं, हातात दहा हजारांचा मोबाईल, आणि पव्व्यात भरलेलं गढूळ पाणी डोळे मिटून पितात. अशांना अक्कल वाटताना कुणीतरी हात आखडता घेतला असणार, असं तो कार्यालयात उघड म्हणायचा.

त्याचं घरच तसं होतं. वडील घाटंजीला मास्तर. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बावीस प्रतिज्ञा. गावात कुणी आजारी पडलं की त्याच्यावरून लिंबू उतरवून चौरस्त्यावर टाकत. जो ते ओलांडेल किंवा उचलेल, त्याच्याकडे दुखणं जातं, असा समज. वडिलांनी एकदा तो उताराच उचलून घरी आणला, त्या लिंबाचं सरबत केलं आणि चारही पोरांना पाजलं. कुणाला साधी शिंकही आली नाही. राजदीपला त्या सरबताची चव अजून आठवायची.

आजचं काम मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. वणीच्या एका डॉक्टरांनी लेखी तक्रार केली होती. मुकुटबनची नऊ वर्षांची राखी, मिरगीची पेशंट. आईने ह्या 'उताऱ्या'च्या नादाने तिच्या गोळ्या बंद केल्या होत्या. गोळी अशी एकाएकी तोडली तर पोरगी एखाद्या झटक्यात हातची जाईल, असं डॉक्टरांनी लिहून खाली दोनदा रेघ ओढली होती. ज्या रोगांवर नुसता इलाजाचा दावा करणंही चोपन्न सालच्या कायद्याने गुन्हा आहे, त्या यादीत मिरगी आहे. ह्या वेळी आरोपीला सुटू द्यायचं नव्हतं. मागच्या खटल्यात जप्तीच्या एकाच बाटलीवरच्या चिठ्ठीवर राजदीपची सही राहून गेली होती, आणि तेवढ्या फटीतून आरोपी हसत हसत बाहेर पडला होता. तो हसरा चेहरा राजदीपच्या मनातून जात नव्हता. आता प्रत्येक बाटलीवर सही, असं त्याने ठरवूनच ठेवलं होतं.

तानाबाईचा कारखाना म्हणजे मुकुटबनच्या बाजारामागची टिनाची एक खोली. बाहेर कापसाची गाडी सोडलेली, आत फळ्यांवर ओळीने बाटल्या. देशी दारूचे धुतलेले पव्वे, तोंडाशी मेण. आत पाण्यासारखं काहीतरी. प्रत्येकीला शाळेच्या वहीच्या कागदाची चिठ्ठी. खोलीत वास कसलाच नव्हता. ना जडीबुटीचा, ना स्पिरिटचा. बाजाराचा गलकाही दारापर्यंत येऊन थांबल्यासारखा होता. राजदीपच्या ते लक्षात आलं आणि त्याने ते टिनाच्या जाडीवर ढकललं, जरी टीन जुनं आणि पातळ होतं.

तानाबाई साठीची, दोरी बांधलेला चष्मा, पुढ्यात सुपात तुरीच्या शेंगा. ती उठली नाही.

"बसा साहेब. लय दिवसाची तुमची वाट पाहून राह्यली होती मी."

"माझी?"

"सरकारी मानसाची."

राजदीपने पंच बोलावले. एक ग्रामपंचायतीचा शिपाई, दुसरे किसनराव, शेजारचे कापूस-तुरीचे शेतकरी, जबाबदार माणूस म्हणून सरपंचांनी पाठवलेले. त्यांच्यासमोर त्याने पहिली बाटली हातात घेतली. चिठ्ठीवर वळणदार अक्षरात लिहिलं होतं: राखी, मुकुटबन, मिरगी, गुण आला. खाली 'घेणाऱ्याची सही', आणि पुढे मोकळी जागा. त्याने दुसरी पाहिली, पाचवी पाहिली, विसावी पाहिली. सगळीकडे ती जागा मोकळीच.

"गुण आला म्हणता, मग पेशंटने बाटली नेली कशी नाही?"

"पेशंट नेत नाही, साहेब. पेशंट हातात धरते, आपलं दुखनं सांगते, अन् ठेवून जाते. न्याची ते दुसऱ्यानं."

"कोणत्या दुसऱ्यानं?"

"ज्याले पाह्यजे त्यानं." तिने एक शेंग सोलली. "लोकं चौरस्त्यावर फेकते. एखांदं लेकरू ओलांडते, एखांदी गर्भार बाई. हे पाप आहे. म्हनून म्या लेखी केलं. जबरदस्ती नाही. ज्यानं त्यानं मागून न्या लागते, सोताच्या हातानं नाव लिहून."

राजदीपला हसू आवरेना. इतक्या वर्षांत भोंदू पुष्कळ पाहिले, पण रजिस्टर ठेवणारी ही पहिलीच. "आजवर कुणी नेली?"

"कोनीच नाही. कोन नेते?"

सरकारी गाडी आल्याचं गावात कळायला वेळ लागत नाही. राखीची आई शीला मुलीचा हात धरून दारात येऊन उभी राहिली. वेचणीवरून तशीच आली असावी, ओटीला कापसाचे धागे. राजदीपने तिला फैलावर घेतलं. डॉक्टर मूर्ख आहेत का, गोळ्या कुणाला विचारून बंद केल्या, पोरगी मेली असती म्हणजे? बाईने मुलीला जवळ ओढलं.

"सात महिने झाले, साहेब," ती शेवटी म्हणाली. "एकबी झटका नाही. आंधी तिले जळक्या कापसाचा वास यायचा. मंग मान उजवीकडं ओढल्यासारखी वळायची, मंग पडायची. आता वासच येत नाही."

"योगायोग आहे. मिरगीत असं होतं. उद्यापासून गोळ्या सुरू."

"देईन. तुम्ही म्हनान तशा देईन." ती बाटल्यांकडे पाहत होती. "पन हे तुम्ही नेऊन राह्यले ना? नक्की?"

"सगळ्या नेतोय."

तिने पटकन राखीला त्याच्या पाया पडायला लावलं. राजदीप मागे सरला. गोळ्या बंद करणाऱ्या बाईचे आभार त्याला नको होते.

मग त्याने ठाण मांडून पंचनामा लिहिला. 'मी, राजदीप नगराळे, औषध निरीक्षक, याने तानाबाई हिच्याकडून खालील माल मागून घेतला व स्वतःच्या ताब्यात घेतला.' तानाबाईने ते वाक्य दोनदा वाचून घेतलं आणि समाधानाने मान हलवली.

सदतीस बाटल्या होत्या. चिठ्ठीवर सहीला दुसरी जागाच नव्हती, म्हणून त्याने मोकळ्या जागी सही केली. पहिली राखीची. दुसरी मारेगावच्या कुणा शिंप्याची, डोळ्यांची झाक. तिसरी पाटणच्या एका म्हाताऱ्याची, ठार बहिरा. पुढच्या त्याने वाचल्या नाहीत, नुसत्या सह्या करत गेला. राजदीपची सही देखणी होती, त्याला तिचा थोडा गर्वच होता.

किसनराव बाटल्यांना हात लावायला तयार होईनात. पेन घेऊन ते बराच वेळ पंचनाम्याकडे पाहत बसले.

"मी पाह्यलं म्हनून सही करतो, साहेब," ते म्हणाले. "घेतलं म्हनून नाही."

"तसंच असतं हो पंचाचं," राजदीप वैतागून म्हणाला.

बाटल्यांचं खोकं गुलाबसिंगने गाडीत ठेवलं. निघताना तानाबाईने सूप बाजूला सारलं, पहिल्यांदाच उठून उभी राहिली आणि हात जोडले. एवढ्या वर्षांचं वाट पाहणं संपल्यासारखा तिचा चेहरा सैल झाला होता. अटकेची तयारी करणाऱ्या बाईचा चेहरा तसा असत नाही, पण राजदीपने तो कोडगेपणा समजून सोडून दिला.

दुपारचे तीन वाजले होते. दोन्ही बाजूंना पांढरी शेतं, मधूनच तुरीचे पट्टे. वणीच्या अलीकडे कोळशाचे ट्रक सुरू झाले.

"काय जळतंय रे?" राजदीपने विचारलं.

"कुठं, साहेब?"

"कापूस जळल्यासारखा वास येतोय."

गुलाबसिंगने गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, नाक लावून पाहिलं. काही नव्हतं. राजदीप काचेतून त्याला बघत होता. मग त्याला वाटलं, उजवीकडे कुणीतरी उभं आहे आणि त्याच्याकडे बघायलाच हवं.

तो डोळे उघडून पाहतो तर लिंबाच्या झाडाखाली आडवा. डोक्याखाली गुलाबसिंगचा दुपट्टा. जीभ चावली गेली होती, पँट ओली होती.

गुलाबसिंग लांब उभा होता. अकरा वर्षं बरोबर फिरलेला माणूस जवळ येत नव्हता.

यवतमाळच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं नाही. जागरण, दगदग, असं म्हणून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. तक्रारअर्जात राखीच्या म्हणून लिहिल्या होत्या त्याच, तेवढ्याच ताकदीच्या. राजदीपने चिठ्ठी घडी करून खिशात घातली. मिरगी सर्रास आढळते, कुणालाही होते. त्याने हे बायकोला सांगितलं, साहेबांना सांगितलं, दाढी करताना आरशातही सांगितलं.

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. नमुना क्रमांक एक: पाणी. औषधी घटक आढळला नाही. राजदीपने तो सगळ्या कार्यालयाला मोठ्याने वाचून दाखवला. नुसतं पाणी, आणि त्यावर गाव नाचतं. त्याच दिवशी वणीच्या डॉक्टरांचा फोन आला. राखीचा मेंदूचा आलेख त्यांनी पुन्हा काढला होता. साफ होता. आधीचा कागद दुसऱ्याच मुलीचा वाटावा इतका साफ.

राजदीपने फोन ठेवला आणि खटल्याचे कागद पुढ्यात ओढले. जप्तीची यादी.

एक. राखी, मुकुटबन, मिरगी.

दोन. नाव वाचता आलं, गाव वाचता आलं. रोगाच्या रकान्यात शाई फुटल्यासारखी वाटली. त्याने कागद जवळ घेतला, मग आणखी जवळ. मग टेबलावरचा दिवा लावला.

दुपारचा एक वाजला होता. खिडकीतून ऊन थेट कागदावर पडलं होतं.

त्याने गुलाबसिंगला हाक मारून यादी त्याच्या हातात दिली.

"दोन नंबर वाच."

"डोळ्यांची झाक, साहेब." गुलाबसिंग थांबला. "पुढचं वाचू काय?"

"वाच."

गुलाबसिंगने कागद उजेडाकडे धरला. त्याचे ओठ हलले.

"अरे, मोठ्यानं वाच ना," राजदीप म्हणाला.